आधी नाद, मग अर्थ : एका खेळापायी फ्रेंच शिकण्याविषयी

परकी भाषा का शिकावी, या प्रश्नाची दोन प्रतिष्ठित उत्तरे आपल्याकडे रूढ आहेत. पहिले वाङ्मयाचे : बोदलेर, फ्लोबेर, प्रूस्त, काम्यू मुळातून वाचता यावेत म्हणून फ्रेंच. दुसरे व्यवहाराचे : नोकरी, परदेशी शिक्षण, भाषांतराची कामे, आणि अकरावी-बारावीला गुण बरे पडतात ही कोणी फारशी न बोलणारी सोय. पुण्यामुंबईत फ्रेंच शिकण्याची जी परंपरा आहे ती या दोन उत्तरांवर उभी आहे, आणि त्यांतही दुसऱ्याचा वाटा पहिल्याहून बराच मोठा आहे, हे भाषा शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. अलीकडे मात्र ‘फ्रेंचच का?’ असे विचारले की एखादा विद्यार्थी किंचित ओशाळून तिसरे उत्तर देतो : एक व्हिडिओ गेम खेळलो, म्हणून.

या लेखाचा विषय ते ओशाळणे हाच आहे. नोकरीसाठी शिकतो म्हणणारा ओशाळत नाही, गुणांसाठी शिकतो म्हणणारा तर मुळीच नाही. भाषेच्या सौंदर्याने ओढला गेलेला तेवढा ओशाळतो, कारण त्याला ते सौंदर्य जेथे भेटले ती जागा आपण साहित्याच्या माणसांनी अजून सभ्य मानलेली नाही. माझे म्हणणे असे की हे तिसरे उत्तर दुसऱ्यापेक्षा पहिल्याच्या अधिक जवळचे आहे. मात्र तसे म्हणायचे तर ते तपासूनच म्हटले पाहिजे. खेळाच्या दारातून आलेला माणूस भाषेत नेमका कोठवर येतो आणि कोठे अडतो, हे पाहिल्याशिवाय त्याचे कौतुक करणे हा निव्वळ उदारपणा होईल, आणि असल्या उदारपणाचा कोणालाच उपयोग नसतो.

ज्या खेळाचे नाव या संदर्भात सध्या वारंवार निघते तो म्हणजे ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथील सँडफॉल इंटरअ‍ॅक्टिव्ह या छोट्या संस्थेने तो बनवला आणि २४ एप्रिल २०२५ रोजी तो प्रसिद्ध झाला. युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीतून बाहेर पडलेल्या गियोम ब्रॉश यांनी २०२० मध्ये ही संस्था सुरू केली. मूळ गट सुमारे तीस जणांचा. पहिल्या तीन दिवसांत खेळाच्या दहा लाख प्रती खपल्या, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर अभिनंदन केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या सोहळ्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळासह नऊ पुरस्कार त्याला मिळाले. ही माहिती येथे देण्याचे कारण एवढेच की आपण एखाद्या आडवाटेच्या छंदाविषयी बोलत नाही.

कथेची कल्पना थोडक्यात सांगतो. ल्यूमिएर नावाचे एक शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पॅरिससारखे, पण त्यातला आयफेल टॉवर वितळल्यासारखा वाकलेला. समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा आहे आणि तिच्याशी एक विराट स्त्री गुडघे जवळ घेऊन बसलेली आहे. वर्षातून एकदा ती उठते, शिळेवरचा आकडा पुसून त्याहून एकाने लहान आकडा रंगवते, आणि शहरातली त्या वयाची माणसे फुलांच्या पाकळ्यांसारखी हवेत विरून जातात. ज्यांचे एकच वर्ष उरले आहे असे काही जण दरवर्षी तिचा शोध घ्यायला निघतात. अद्याप कोणी परतलेले नाही. खेळणारा ‘३३’ हा आकडा लावलेल्या मोहिमेबरोबर निघतो.

त्या विरून जाण्याला खेळात ‘गोमाज’ म्हणतात. इंग्रजीतून खेळले तरी हा शब्द फ्रेंचच राहतो. येथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ हा खेळ आला तेव्हा त्यात राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिस मोठ्या कष्टाने उभे केले होते, पण त्याच्या इंग्रजी आवृत्तीत पॅरिसचे नागरिक थेट ब्रिटिश धाटणीचे इंग्रजी बोलत, आणि त्यावर त्या वेळी पुष्कळ टीकाही झाली. तेथे फ्रान्स डोळ्यांना दिसे, कानांना भेटत नसे. ‘क्लेर ऑब्स्क्यूर’च्या इंग्रजी आवृत्तीत मात्र माणसे चिडली की फ्रेंच शिव्या देतात, त्यांची नावे फ्रेंच आहेत, आणि लोरियाँ तेस्तार यांनी संगीत दिलेल्या गाण्यांपैकी पुष्कळ गाणी फ्रेंचमध्ये आहेत. खेळाचे संगीत आठ तासांहून अधिक, १५४ तुकड्यांचे आहे. अनेक गाणी आलिस द्युपोर-पेर्सिए यांनी गायिली आहेत. तीसचाळीस तास खेळत बसलेल्या माणसाच्या कानात एक भाषा अर्थावाचून मुरत राहते. अर्थ नसल्यामुळे ती पोकळ वाटत नाही. उलट त्या नादामागे काहीतरी मोठे दडले आहे आणि आपल्याला ते कळत नाही, अशी एक हुरहूर लागून राहते. भाषा शिकण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच हुरहुरीतून होते.

हा माणूस कोश उघडतो. ‘गोम’ म्हणजे खोडरबर, ‘गोमे’ म्हणजे खोडरबराने पुसणे, ‘गोमाज’ म्हणजे पुसण्याची क्रिया. येथवर ठीक. पण फ्रान्समध्ये हाच शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या नळीवरही छापलेला असतो, कारण त्वचा घासून मृत पापुद्रे काढण्याच्या लेपालाही ‘गोमाज’च म्हणतात. ज्या शब्दाने खेळताना घसा दाटून आला तोच शब्द न्हाणीघरातल्या फळीवर भेटतो. हा धक्का मला फार मोलाचा वाटतो. शब्दाला एकच अर्थ नसतो, तो रोजच्या वापरात मळलेला असतो, आणि लेखक त्या मळलेल्या शब्दालाच एका जागी असा बसवतो की तो आपल्याला नवा भासू लागतो. साहित्याच्या वर्गात आम्ही ज्या गोष्टीसाठी कित्येक तासिका खर्च करतो ती येथे एका शब्दात उमगते.

मराठी भाषकाला तर याहून पुढचे काही हाती लागते. ‘गोमाज’ला मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे ‘खोडणे’ आहे आणि ‘पुसणे’ आहे. खोडलेल्या अक्षरावर रेघ राहते. खाली काय होते ते वाचता येते. पुसलेल्याचा मागमूस राहत नाही. वस्तूला मात्र आपण ‘खोडरबर’ म्हणतो, जरी तो खोडत नसून पुसतो. शिवाय जुन्या मराठीत आणि बोलींत ‘पुसणे’ म्हणजे विचारणेही. एका शब्दात नाहीसे करणे आणि चौकशी करणे शेजारी नांदतात. पुसली गेलेली माणसे आणि त्यांना कोणी पुसत नाही, ही दोन वाक्ये मराठीत एकमेकांच्या किती जवळ आली आहेत, हे मला तरी ‘गोमाज’ला प्रतिशब्द शोधण्याची वेळ येईपर्यंत जाणवण्याचे कारण नव्हते. परकी भाषा आपल्याला आपली भाषा दाखवते हे विधान सुभाषितासारखे झाले आहे. पण ते खरे ठरते ते अशा बारीक जागी.

अशा जागा या खेळात पुष्कळ आहेत. ‘वेर्सो’ हे एका पात्राचे नाव. पोथ्या आणि ग्रंथ यांच्या अभ्यासकांना ही संज्ञा परिचित आहे : पानाची मागची बाजू. ते नाव त्या पात्राला का दिले असावे हे खेळ संपेपर्यंत कळत नाही, आणि ज्यांना खेळायचे आहे त्यांच्यासाठी मीही ते येथे सांगणार नाही. ‘ल्यून’ म्हणजे चंद्र. ‘रन्वार’ हे नाव ऐकताच चित्रकार ओग्युस्त आणि त्याचा चित्रपटदिग्दर्शक मुलगा जाँ असे दोघे आठवतात. ‘ल्यूमिएर’ म्हणजे प्रकाश. पण हाच शब्द अनेकवचनात आला की अठराव्या शतकातील प्रबोधनाचे नाव होतो. आणि चलच्चित्रांचा खेळ ज्यांनी जगाला दाखवला त्या बंधूंचे आडनावही तेच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे दाखवली गेली तेव्हा हा शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरलेला आहे. आणि ‘क्लेर-ऑब्स्क्यूर’ ही तर चित्रकलेतील छायाप्रकाशाची संज्ञा. जो खेळ रंगवणे आणि पुसणे यांविषयी आहे त्याचे शीर्षक याहून वेगळे काय असणार?

व्याकरणाकडे वळलो की एक निराळीच गंमत दिसते. फ्रेंच शिकवणारी बहुतेक प्रचलित पुस्तके इंग्रजी जाणणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यामुळे ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांतला भेद, निर्जीव वस्तूंची लिंगे, क्रियापदांची पुरुषानुसार बदलणारी रूपे या सगळ्यांना अडचणी म्हणून सादर केले जाते. मराठी माणसाला या अडचणी नाहीतच. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यातला उंबरठा ओलांडताना काय होते, ते कोणी आधी ओलांडावे, आणि ‘तुम्ही’वरून अचानक ‘तू’वर येण्यात माया असते की अपमान, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत या जागी एकच सर्वनाम आहे, म्हणून इंग्रजी आवाजात खेळणाऱ्याला दोन पात्रांमधले अंतर सुराच्या चढउतारावरून ताडावे लागते. फ्रेंच आवाज लावला की ते सर्वनामातच ऐकू येते. म्हणजे इंग्रजीच्या खिडकीतून फ्रान्सकडे पाहण्याची आपली सवय सोडली तर फ्रेंच आपल्या घराला लागून आहे, असे या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात कळू शकते.

लिंगाचेही तसेच. शिळेशी बसलेल्या त्या स्त्रीला फ्रेंचमध्ये ‘ला पँत्रेस’ म्हटले आहे. चित्रकार स्त्रीसाठी हे रूप आजच्या फ्रेंचमध्ये नेहमीचे नाही, ते जुनाट आणि विरळा आहे. व्यवसायवाचक नामांची स्त्रीलिंगी रूपे हा फ्रान्समध्ये दीर्घ वादाचा विषय होता. फ्रेंच अकादमीने ती रूपे मान्य केली ती २०१९ मध्ये. आपण ‘कवयित्री’, ‘लेखिका’ सहज म्हणतो, ‘चित्रकर्ती’ कचरत म्हणतो, आणि ‘संपादक’ बाई असली तरी ‘संपादक’च ठेवावे की काय यावर आपलेही एकमत नाही. शिवाय फ्रेंचमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘मृत्यू’ पुल्लिंगी आणि ‘मरण’ नपुंसकलिंगी. पण महाभारताच्या द्रोणपर्वात आणि शांतिपर्वात मृत्यू ही स्त्री आहे : ब्रह्मदेवाने प्रजासंहाराचे काम सोपवल्यावर ती रडते, ते टाळण्यासाठी तप करते, आणि अखेर नाइलाजाने ते पत्करते. माणसे पुसणारी आणि स्वतः शोकात बुडालेली स्त्री ही कल्पना माँपेलिएच्या तरुणांना स्वतंत्रपणे सुचली हे उघड आहे. परंतु तौलनिक साहित्याचा एखादा विद्यार्थी या दोन स्त्रियांना समोरासमोर बसवून निबंध लिहील तर मी तो आनंदाने वाचेन.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप खुद्द खेळाच्या घडणीतूनच उभा राहतो. खेळ फ्रेंच, वातावरण फ्रेंच, पण त्याची संहिता आधी इंग्रजीत लिहिली गेली. प्रमुख लेखिका जेनिफर स्वेडबर्ग-येन यांनी ती इंग्रजीत लिहिली आणि फ्रेंच संवाद त्यावरून तयार झाले. म्हणजे जो ‘मुळातले’ ऐकावे म्हणून फ्रेंच आवाज लावतो, तो वास्तविक भाषांतराकडे जात असतो! यावर कोणी हसेल. मला मात्र यात हसण्याऐवजी विचार करण्यासारखे पुष्कळ दिसते. मूळ म्हणजे काय, हा प्रश्न आपण भाषांतरमीमांसेच्या वर्गात विचारतो आणि विद्यार्थी टिपणे घेतात. येथे तो प्रश्न जिवंत होऊन समोर उभा आहे : फ्रेंच माणसाच्या कल्पनेतली, इंग्रजीत लिहिलेली, पुन्हा फ्रेंचमध्ये आणलेली, आणि गाण्यांत फ्रेंच राहिलेली एक कथा. तिचे घर कोणते? आपल्या पिढ्यांनी फ्रेंच साहित्य वाचले ते बहुतांशी इंग्रजीतूनच. साठोत्तरी मराठी लेखनावर अस्तित्ववादाच्या छायेची चर्चा आपण इतकी केली. पण ती छाया इंग्रजी भाषांतरांच्या काचेतून पडलेली होती, हे क्वचितच सांगतो. काम्यूच्या ‘लेत्रांजे’ (१९४२) या कादंबरीला इंग्लंडमध्ये एक नाव मिळाले आणि अमेरिकेत दुसरे : एकात तो बाहेरचा आहे, दुसऱ्यात अनोळखी. मूळ शब्दात परदेशी, परका आणि अनोळखी असे तिन्ही अर्थ एकत्र आहेत, आणि आपला ‘परका’ हा शब्द त्याच्या दोन्ही इंग्रजी नावांपेक्षा जवळ जातो. हे दिसायला निदान एवढे तरी फ्रेंच यावे लागते. ते विद्यापीठात आले की खेळातून आले, याला त्या क्षणी महत्त्व उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळ जो फ्रान्स दाखवतो तो चित्रपत्रिकेवरचा आहे : वाकलेला का होईना आयफेल टॉवर, गोल टोप्या, लांब पाव, मूकाभिनय करणारे विदूषक. बनवणाऱ्यांनी यातला काही भाग स्वतःचीच थट्टा म्हणून केला आहे हे खरे. पण १८७१ ते १९१४ या ज्या कालखंडाचे सौंदर्य त्यांनी उचलले, त्याच कालखंडात फ्रान्सने आफ्रिकेचा आणि हिंदी-चीनचा मोठा भाग गिळला. आज फ्रेंच ही केवळ फ्रान्सची भाषा नाही. फ्रेंचभाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या ३२ कोटी १० लाख सांगितली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. एमे सेझेर मार्तिनिकचा, आसिया जेबार अल्जीरियाची. दोघांनी फ्रेंचमध्ये लिहिले आणि दोघांनाही त्या भाषेशी भांडावे लागले. आपल्याकडे पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम येथे १९५४ पर्यंत फ्रेंच राज्य होते. खेळातून फ्रेंचकडे आलेल्याला यातले काही दिसत नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त तो एकट्या खेळावर घेता येत नाही. प्रूस्तपासून सुरुवात करणाऱ्यालाही हे दिसत नाही, आणि ‘गार्साँ, एक कॉफी’ अशा संवादांनी भरलेल्या पाठ्यपुस्तकातून येणाऱ्याला तर बिलकूल दिसत नाही. प्रत्येक दार एकाच खोलीत उघडते. पुढच्या खोल्या दाखवणे हे दाराचे काम नव्हे. ते शिक्षकाचे काम आहे.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा : ही हौस तीन आठवड्यांची; अनियमित क्रियापदे आली की संपणार. असे होते, पुष्कळांचे होते. पण व्यवहारासाठी शिकणाऱ्यांचेही परीक्षा संपल्यावर हेच होते, आणि त्याला आपण हौस ओसरणे म्हणत नाही, ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला’ असे म्हणतो. खेळाची म्हणून एक वेगळी जमेची बाजूही आहे. या खेळात लढाई पाळीपाळीने चालते, पण शत्रूचा घाव नेमक्या क्षणी चुकवावा किंवा अडवावा लागतो, आणि तो क्षण डोळ्यांइतकाच कानांनी ओळखायचा असतो. हात आणि डोळे गुंतलेले असल्यामुळे पडद्याखालची अक्षरे वाचायला सवड नसते. पात्रे त्या वेळी जे ओरडतात ते ऐकूनच समजून घ्यावे लागते. तेच ते उद्गार शेकडो वेळा, प्रत्येक वेळी काहीतरी पणाला लागलेले असताना. जेम्स पॉल जी या भाषावैज्ञानिकाने २००३ मध्येच व्हिडिओ गेम आणि साक्षरता यांवर एक ग्रंथ लिहून हे मांडले होते की चांगला खेळ शब्द देतो तो गरज पडते त्या क्षणी, कोशासारखा आगाऊ नव्हे. आपल्या पाठांतराच्या परंपरेतही संथा घेताना आवृत्ती असे, पण तिला धाक असे. येथे आवृत्ती आहे आणि धाकाच्या जागी उत्कंठा आहे.

या गोष्टीचे नवल वाटू नये म्हणून दोन जुनी उदाहरणे सांगतो. १७५४ साली आंकतील-द्युपेराँ या विशी-बाविशीतल्या फ्रेंच तरुणाला पॅरिसमध्ये ऑक्सफर्डच्या एका अवेस्ता हस्तलिखिताच्या चार पानांची नक्कल पाहायला मिळाली. त्यातले एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हते. कोणालाच येत नव्हते. त्या न कळलेल्या अक्षरांपायी हा माणूस फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत साधा शिपाई म्हणून भरती झाला, १७५५ मध्ये पुदुच्चेरीला उतरला, आणि पुढे सुरतेत जाऊन पारशी दस्तुरांजवळ ती भाषा शिकला. १७७१ मध्ये त्याने अवेस्ताचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. उतारवयात दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून उपनिषदे लॅटिनमध्ये नेली, जी शोपेनहाउएरने वाचली. या सगळ्याच्या आरंभी कोणताही अर्थ नव्हता. होती ती चार पाने, आणि त्यांचा आकार.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) ही ऐयार आणि तिलिस्म यांनी भरलेली कादंबरी. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात तिला वाङ्मय म्हणून फारशी किंमत दिली नाही. मात्र ती वाचण्यासाठी उर्दू जाणणारे असंख्य लोक हिंदी शिकले, आणि त्यांतले कित्येक पुढे इतर पुस्तकांकडे वळले, हे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. मोठ्या समीक्षकाचा हा प्रामाणिकपणा आपण शिकण्यासारखा आहे. कृतीचे मूल्य आणि कृतीने घडवलेला वाचक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीविषयी कठोर राहूनही दुसरीविषयी कृतज्ञ राहता येते. ‘क्लेर ऑब्स्क्यूर’ ही उत्तम कलाकृती आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. तिच्यामुळे एखाद्याने फ्रेंच क्रियापदांची कोष्टके भिंतीवर चिकटवली असतील तर त्या कोष्टकांविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

येथे मराठीचा प्रश्न येतो, आणि तो मला टाळता येत नाही. युबिसॉफ्टची पुण्यात २००८ पासून शाखा आहे. खेळ बनवण्याचे कसब मराठी मुलांजवळ नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही असा एकही खेळ मला सांगता येत नाही की जो खेळून ल्योंच्या किंवा ओसाकाच्या एखाद्या तरुणाला वाटावे, या शब्दांचा नाद काय आहे, ही भाषा शिकली पाहिजे. भाषेविषयी आपण बोलतो ते शासननिर्णयांच्या भाषेत. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. या दोन्ही घटना महत्त्वाच्या आहेत, त्यांवर झालेली चर्चाही आवश्यक होती. पण सक्ती आणि दर्जा हे दोन्ही शब्द भाषेच्या बाहेरून येतात. भाषेची ओढ लागते ती आतून. कोठल्या तरी गाण्यामुळे, गोष्टीमुळे, एखाद्या शब्दामुळे. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि बंगाली शिकले. त्यांना कोणता शासननिर्णय तेथे घेऊन गेला नव्हता.

म्हणून साहित्य शिकवणाऱ्या माझ्या सहव्यवसायींना एक सुचवावेसे वाटते. खेळामुळे फ्रेंचकडे आलेला विद्यार्थी पुढे आला तर त्याला हसू नये, आणि ‘वा, किती आधुनिक’ म्हणून डोक्यावरही घेऊ नये. त्याला विचारावे की तुला कोणता शब्द आवडला. तो ‘गोमाज’ म्हणाला तर त्याला शब्दांच्या अनेकार्थाकडे न्यावे. ‘वेर्सो’ म्हणाला तर हस्तलिखितांकडे. गाण्याविषयी बोलला तर फ्रेंच छंदाकडे, जेथे अक्षरांची संख्या मोजतात आणि आपल्या ओवी-अभंगांशी तुलना करता येते. आणि ल्यूमिएर शहर सुंदर आहे असे म्हणाला, तर त्याच्या हाती हळूच सेझेर द्यावा, म्हणजे त्या प्रकाशाची छायाही त्याला दिसेल. शीर्षकात दोन्ही आहेतच. एवढे केल्यावर तो टिकेल की नाही ते त्याच्यावर सोडावे. पण पुढल्या वेळी ‘फ्रेंचच का?’ या प्रश्नावर त्याने मान खाली घालू नये, इतकी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.